सार्डिनियाचं ओरोसेई आखात: बोटीने निवांत पुळणींकडे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे आखात नेमकं कुठे आहे, आणि तिथे बोटीनेच का जायचं?

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, मधोमध. सुप्रामोंते नावाचा चुनखडीचा डोंगर इथे थेट समुद्रात उतरतो. काही ठिकाणी कडे शेकडो मीटर उंच आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी किनाऱ्याने जाणारा रस्ताच नाही. ओढ्यांनी डोंगर चिरून जिथे वाट काढली किंवा जिथे कडा ढासळला, तिथे लहान लहान पुळणी तयार झाल्या. पायवाटा आहेत, पण काहींवर दोर आणि वाटाड्या लागतो. म्हणून बहुतेक लोक समुद्राकडूनच येतात.

बोट कुठून पकडायची?

दोन मुख्य पर्याय आहेत. उत्तरेकडून काला गोनोने, दक्षिणेकडून सांता मारिया नावारेसे. दक्षिणेला थोडं पुढे आर्बाताक्सचं मोठं बंदर आहे, तिथूनही बोटी सुटतात.

निवड करताना हॉटेल कुठे स्वस्त मिळतंय हे पाहू नका, कोणती पुळण पाहायची आहे ते आधी ठरवा. काला गोनोनेहून काला लूना सहा किलोमीटरच्या आसपास, सिसीने अकरा-बारा, मारिओलू सतरा आणि गोलोरित्झे एकोणीस-वीस किलोमीटर. सांता मारिया नावारेसेहून मात्र गोलोरित्झे जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर. त्यामुळे लूना आणि गुहा हव्या असतील तर काला गोनोने, मारिओलू आणि गोलोरित्झेचा सुळका हवा असेल तर सांता मारिया. दोन्हीकडून दिवसभरात सगळं आखात करता येतं, पण मग निम्मा दिवस बोटीच्या आवाजात जातो.

कोणती पुळण कशी आहे?

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाऊ. काला फुइलीपर्यंत काला गोनोनेहून रस्ता आहे, त्यामुळे ती बोटीची जागा नाही. पुढची काला लूना सगळ्यांत ऐसपैस. वाळूची लांब पट्टी, मागे ओढ्याचं मुख आणि कण्हेरीची झाडी, उत्तरेच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून बसलेल्या मोठ्या गुहा. दुपारी सावली हवी असेल तर याच गुहांमध्ये लोक चटया टाकतात. छतावरून दगड सुटतात, म्हणून आत खोलवर, भिंतीला टेकून बसू नका. रात्री मुक्काम करायला मनाई आहे.

काला सिसीनेही ओढ्याच्या मुखाशीच आहे, वाळू आणि गोटे मिसळलेले. बिरिओला लहान, कड्याला चिकटलेली. वर ओक आणि जुनिपरचं रान आणि पाण्यात एक नैसर्गिक दगडी कमान. त्यापुढे ‘व्हीनसचे तलाव’ म्हणून ओळखला जाणारा भाग येतो. इथे उतरायचं नसतं, बोट थांबवून पाण्यात उडी मारायची असते.

मग काला मारिओलू. इथे वाळू नाहीच म्हटलं तरी चालेल. पांढरे आणि फिकट गुलाबी गुळगुळीत खडे आहेत, साबुदाण्यापासून लिंबाएवढे. स्थानिक नाव ‘इस्पुलिजिदेनिए’, म्हणजे बर्फाच्या पिसवा. खड्यांना दिलेलं याहून नेमकं नाव शोधून सापडणार नाही. ‘मारिओलू’ म्हणजे चोर. पोन्झा बेटावरून येणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यातले मासे इथला सील पळवायचा, त्याला दिलेली ही शिवी, असं सांगतात. शेजारीच काला देई गाब्बियानी, म्हणजे सीगल पक्ष्यांची. रूप जवळजवळ तेच, गर्दी थोडी कमी.

शेवटी काला गोलोरित्झे. तिचा वेगळा प्रश्न आहे.

गोलोरित्झेला बोटीने उतरता येतं का?

नाही. सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच होतो. १९६२ साली कडा ढासळून ही पुळण तयार झाली आणि पुढे तिला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. बोटींना किनाऱ्याला लागायला बंदी आहे. पिवळ्या बोयांच्या रांगेबाहेरून सुळका पाहायचा, फोटो काढायचे आणि पुढे जायचं. जाहिरातीत ‘गोलोरित्झे’ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ ‘बाहेरून दर्शन’ एवढाच.

पाय टेकवायचे असतील तर बाउनेई गावातून वर गोल्गोच्या पठारावर जायचं, सू पोर्तेद्दूला गाडी लावायची आणि साडेतीन किलोमीटर उतरायचं. उतरायला तास-सव्वातास, चढून यायला दीड ते दोन तास. उताराची उंची साडेचारशे मीटरच्या वर आहे, म्हणजे परतीची चढण सिंहगडाच्या पायवाटेची आठवण करून देईल. फरक इतकाच की वाटेत ताक-लिंबू विकणारं कुणी नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि बंद बूट न्या. दिवसाला २५० जणांनाच सोडतात, प्रवेश ७ युरो आणि उन्हाळ्यात आगाऊ नोंदणी लागते. त्या दिवशी बोटीची सफर जोडू नका.

इतर पुळणींवरही संख्येची मर्यादा आहे का?

आहे. बाउनेईच्या हद्दीत मारिओलूवर दिवसाला ७०० आणि बिरिओला व गाब्बियानीवर ३०० जणांची मर्यादा घातलेली आहे. उतरणाऱ्याकडून माणशी १ युरो शुल्क घेतात. ते काही तिकिटांत धरलेलं असतं, काहींत नसतं, म्हणून खिशात सुटी नाणी ठेवा. नियम मोसमागणिक बदलतात. तिकीट काढतानाच विचारा: “कोणकोणत्या पुळणीवर *उतरवता* आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ?” नुसतं “कुठे कुठे नेता?” विचारलंत तर आठ नावं ऐकू येतील, त्यातल्या पाच लांबून दाखवल्या जातील.

बोटींचे प्रकार किती, आणि खर्च काय येतो?

ढोबळमानाने चार.

मोठी प्रवासी बोट: शंभर किंवा जास्त माणसं, वर छप्पर, आत टॉयलेट. पुळणीजवळ आली की नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, लांब फळी खाली सोडतात आणि लोक तीवरून थेट खड्यांवर उतरतात. फक्त काला लूनाला नेऊन आणणारी बोट साधारण २५ ते ३५ युरोंत, बऱ्याच पुळणींची दिवसभराची सफर ५० युरोंच्या आसपास.

चालकासह रबरी बोट, जिला तिथे ‘गोम्मोने’ म्हणतात: जास्तीत जास्त १२ प्रवासी. वेगवान, गुहांच्या तोंडात शिरू शकते, थांबे जास्त. माणशी ७० ते १०० युरो. छप्पर नसतं किंवा नावापुरतं असतं.

स्वतः चालवायची रबरी बोट: पाच-सहा माणसांसाठी दिवसाला १०० ते २५० युरो, मोसमानुसार. इंधन वेगळं.

शिडाची नौका: निवांत, महाग, आणि दिवसभरात दोन-तीनच थांबे.

पहिल्यांदा जाणाऱ्या पाच-सहा जणांच्या कुटुंबाने, ज्यात आजी-आजोबा आणि लहान मूल आहे, मोठी बोटच घ्यावी. रबरी बोटीत पुढच्या बाकावर बसलेल्याच्या कमरेला प्रत्येक लाटेचा दणका बसतो. कंबरदुखी, मणक्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर ती बोट नकोच.

पोहता येत नाही. तरी जावं का?

जरूर जा, पण बोट निवडताना हा मुद्दा पहिला धरा. फळीवाली मोठी बोट तुम्हाला जवळजवळ कोरडं उतरवते. गोम्मोनेवाले बऱ्याचदा गुडघाभर पाण्यात उतरवतात. आणि स्वतः भाड्याने घेतलेली बोट किनाऱ्याला लावताच येत नाही. पोहणाऱ्यांसाठी राखलेल्या पट्ट्याबाहेर नांगर टाकायचा आणि तिथून पोहत जायचं, हा नियम. पोहता न येणाऱ्याने ती बोट घेतली तर दिवसभर बोटीतच बसून राहावं लागतं.

आणखी एक धोका. खड्यांच्या पुळणी हळूहळू खोल होत नाहीत. मारिओलूला चार पावलं टाकली की पाणी छातीला लागतं आणि पायाखालचे खडे घसरतात. पाणी इतकं नितळ असतं की तीन मीटरचा तळ हाताशी आल्यासारखा दिसतो. मुलांना लाइफ जॅकेट घालूनच पाण्यात सोडा. बोटीवर ती असतात, पण लहान मापाचं आहे का ते धक्क्यावरच पाहून घ्या.

हवामानाच्या ॲपमध्ये ऊन दाखवतंय, तरी सफर रद्द झाली. असं का?

कारण इथे ऊन आणि पाऊस दुय्यम आहेत. दिवस ठरवतो तो वारा, आणि त्याचा वेग जितका महत्त्वाचा तितकीच दिशा.

सार्डिनियाचा नामांकित वारा म्हणजे वायव्येचा माएस्त्राले. पश्चिम आणि उत्तर किनाऱ्यावर तो समुद्र खवळून टाकतो. पण ओरोसेई आखात बेटाच्या पूर्व कुशीत आहे, डोंगर वाऱ्याला पाठ देतो. माएस्त्राले सुटलेला असताना इथे किनाऱ्यालगत पाणी सपाट असू शकतं. त्यातही एक मेख आहे: दऱ्यांच्या तोंडातून वारा झोतासारखा खाली येतो आणि हलकी रबरी बोट बाहेर समुद्राकडे ढकलतो. म्हणून अशा दिवशी किनारा सोडून लांब जायचं नसतं.

उलट ईशान्येचा ग्रेकाले, पूर्वेचा लेव्हांते आणि आग्नेयेचा शिरोक्को, हे तिघे थेट आखाताच्या तोंडात शिरतात. वारा फार नसला तरी लांबून आलेली फुगीर लाट पुळणीवर फुटते. फळी टेकवली की ती वरखाली आपटू लागते, आणि कप्तान उतरवायला नकार देतो. वारा रात्रीच पडला तरी लाट दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळते. निळं आभाळ, मंद वारा आणि तरीही ‘आज सफर नाही’ या पाटीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पाहायचं असेल तर आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी पाहा: वाऱ्याची दिशा, लाटेची उंची आणि लाट कोणत्या दिशेने येते. पूर्वेकडून अर्धा मीटरच्या वर लाट असेल तर उतरण्याची खात्री धरू नका. म्हणूनच मुक्काम किमान तीन रात्रींचा ठेवा आणि बोट पहिल्याच दिवसाची घ्या. बिनसलं तर हाताशी आणखी दोन दिवस उरतात. शेवटच्या दिवशी बोट ठेवून परतीचं विमान गाठायचा बेत करणारे हात हलवत परततात.

भरती-ओहोटी बघावी लागते का?

नाही. कोकणात ज्यांनी बोट केली आहे त्यांना हे विचित्र वाटेल. मालवणला किंवा दिवेआगरला भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय कुणी हलत नाही. भूमध्य समुद्रात पाण्याची चढउतार जेमतेम वीस-तीस सेंटीमीटरची. सकाळी पुळणीची जितकी रुंदी होती तितकीच संध्याकाळी असते. दुसरा उलटा हिशोब मोसमाचा: आपल्याकडे पावसाळ्यात बोटी वर ओढून ठेवतात, तिथे नेमका तोच काळ भर हंगामाचा.

कोणता महिना चांगला?

बोटी साधारण ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत चालतात. मे महिन्यात डोंगर हिरवा, गर्दी नाही, पण पाणी १७-१८ अंश. कोकणच्या समुद्राची सवय असलेल्याला ते बोचेल. जूनच्या मध्यानंतर २१-२२, जुलै-ऑगस्टमध्ये २४ ते २६. ऑगस्टच्या मध्यावर, १५ तारखेच्या ‘फेर्रागोस्तो’ सणाभोवती, सगळी इटली समुद्रावर असते. तेव्हा टाळा. सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे आमच्या मते सर्वांत उत्तम: पाणी उन्हाळाभर तापलेलं, भाव उतरलेले. ऑक्टोबरमध्ये पूर्वेकडची वादळं सुरू होतात.

एक गोष्ट पोहताना जाणवेल. उन्हाळ्यातही गोलोरित्झेजवळ किंवा मारिओलूजवळ अचानक थंडगार पट्टा लागतो आणि डोळ्यांपुढे पाणी तेल मिसळल्यासारखं थरथरतं. चुनखडीच्या पोटातून गोड्या पाण्याचे झरे थेट समुद्रात सुटतात, त्याचा हा परिणाम. घाबरण्यासारखं काही नाही.

सकाळची बोट की दुपारची?

सकाळची, निःसंशय. या पुळणींचं तोंड पूर्वेला आहे आणि पाठीशी उंच कडा. सूर्य दुपारी कड्यामागे गेला की पुळण सावलीत जाते. जुलैमध्येही मारिओलू आणि गोलोरित्झेवर तीन-चारच्या सुमारास सावली चढू लागते, सप्टेंबरात त्याहून आधी. तो प्रसिद्ध नीलमण्यासारखा रंग ऊन पाण्यात सरळ शिरतं तेव्हाच दिसतो, म्हणजे साधारण दहा ते दोन. सावली आली की तेच पाणी गडद आणि उदास दिसतं. दुपारी दोनला सुटणारी ‘अर्ध्या दिवसाची’ स्वस्त सफर घेणाऱ्यांची तक्रार असते की फोटोतल्यासारखं काही नव्हतंच.

काला लूनाला मागे दरी असल्यामुळे तिथे ऊन जास्त वेळ टिकतं. म्हणून स्वतःची बोट असेल तर आधी थेट दक्षिणेला मारिओलू गाठा आणि परतताना लूनाला थांबा. मोठ्या बोटी सहसा साडेनऊ-दहानंतर पोचू लागतात. त्याआधी पोचलात तर पाऊण तास पुळण जवळपास तुमची.

परवान्याशिवाय खरंच बोट चालवता येते?

येते. इटलीत ४० अश्वशक्तीपर्यंतचं ठरावीक इंजिन असलेली बोट किनाऱ्यापासून ६ सागरी मैलांच्या आत परवान्याशिवाय चालवता येते. भाड्याने देणारे १८ वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा म्हणून पासपोर्ट बघतात, अनामत रक्कम कार्डवर अडकवतात आणि पंधरा-वीस मिनिटं शिकवतात. चालवणं अवघड नाही, थांबवणं अवघड आहे. बोटीला ब्रेक नसतो, हे डोक्यात पक्कं बसवा.

निघण्याआधी धक्क्यावर हे तपासा: लाइफ जॅकेट माणसांइतकी आहेत ना; इंधनाचा काटा कुठे आहे; नांगर आणि दोर मोकळा आहे की गुंतलेला; इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांचे आधीच टवके उडालेले आहेत का (असतील तर फोटो काढा, अनामतीच्या वादात हाच पुरावा); आणि लाल रंगाची गुंडाळी-दोरी, जी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला अडकवायची असते. चालवणारा पाण्यात पडला की ती सुटते आणि इंजिन बंद होतं. बरेच जण ती सुकाणूवर लटकवून ठेवतात. बोट एकटी गोल फिरत माणसावर येते, तेव्हा ती दोरी का दिली होती ते कळतं.

नांगर कसा टाकायचा?

भाड्याच्या बोटींचे बहुतेक घोटाळे इथेच होतात, म्हणून सविस्तर.

आधी तळ पाहा. फिकट निळा भाग म्हणजे वाळू, काळपट हिरवा म्हणजे पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत किंवा खडक. गवतावर नांगर टाकायचा नाही. तो पकडही घेत नाही आणि मुळासकट गवत उपटतो. हे गवत वर्षाला जेमतेम एखाद-दोन सेंटीमीटर पसरतं, आणि ते संरक्षित आहे.

वाळूचा डाग सापडला की बोटीचं नाक वाऱ्याकडे करा आणि इंजिन न्यूट्रलला आणा. बोट पूर्ण थांबली की नांगर हाताने *सोडा*, भिरकावू नका. फेकलेल्या नांगराभोवती दोर गुंडाळला जातो. वाऱ्याने बोट मागे सरकू लागली की दोर सोडत जा. पाणी ५ मीटर असेल तर दोर २० ते २५ मीटर. इथेच लोक कंजुषी करतात: तळाला लागला, बस झालं, म्हणून दोर बांधून टाकतात. तोकड्या दोराने नांगर वर ओढला जातो आणि बोट घसरत राहते. दोर आडवा ताणला गेला तरच नांगराचं टोक वाळूत रुतते. शेवटी दोर बांधून इंजिन क्षणभर हलकंसं रिव्हर्समध्ये घ्या आणि दोरावर हात ठेवा. थरथर जाणवली तर नांगर फरफटतोय, पुन्हा टाका. दोर ताठ आणि शांत असेल तर रुतला.

मग कड्यावरचं एखादं झाड आणि त्यामागचा खडक एका रेषेत धरून ठेवा. दहा मिनिटांनी रेष तशीच असेल तरच पाण्यात उतरा. सगळ्यांनी एकदम उतरायचं नाही, एक जण बोटीवर राहायलाच हवा. उचलताना बोट हळू नांगरावर आणा आणि दोर हाताने आत घ्या. दोर सैल सुटला असताना इंजिन मागे घेतलं तर तो पंख्यात अडकतो, आणि मग दिवसाचं भाडं, टोइंग आणि अनामत, तिन्ही जातात.

इंधन किती लागतं?

४० अश्वशक्तीचं इंजिन मध्यम वेगात तासाला ८ ते १० लिटर पितं, पूर्ण जोरात चौदा-पंधराच्या घरात. काला गोनोने ते गोलोरित्झे आणि परत, थांबे धरून, २० ते ३५ लिटर. बंदरातला पंप शहरापेक्षा महाग असतो, म्हणून ५० ते ७० युरो बाजूला ठेवा. जुना नियम उत्तम आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. सकाळी चाळीस मिनिटांत कापलेलं अंतर परतताना तासभर घेतं आणि सगळे भिजतात. उशिरात उशिरा साडेचारला परतीला लागा.

बोट लागते. काय करू?

(किनाऱ्याला नव्हे, पोटाला.) अ‍ॅव्होमिनसारखी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. तिने गुंगी येते, म्हणून बोट चालवणाऱ्याने घेऊ नये, आणि आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. उपाशी पोटी निघू नका, पण हॉटेलातला नाश्ता ओसंडून वाहतोय म्हणून ताटही भरू नका. बोटीच्या मागच्या भागात मधोमध बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइलमध्ये डोकं घातलंत की कार्यक्रम आटोपला. सर्वांत जास्त त्रास चालत्या बोटीत होत नाही, थांबून डुलणाऱ्या बोटीत होतो.

सोबत काय घ्यावं?

रबरी तळव्याचे पाण्यातले बूट, सर्वांत आधी. तापलेल्या खड्यांवर अनवाणी चालणं हा अग्निदिव्याचा प्रकार आहे. माणशी दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट, हनुवटीखाली बांधता येईल अशी टोपी, पोहण्याचा चष्मा, फोनसाठी पाणीबंद पिशवी आणि परतीसाठी वारा अडवणारं जाकीट. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी, कारण पुळणीवर डबे नाहीत. चाकांची बॅग आणू नका.

टॉयलेटचा प्रश्न नाजूक पण महत्त्वाचा. मोठ्या बोटीवर असतं, गोम्मोनेवर नसतं. काला लूनाला हंगामात उपाहारगृह उघडं असतं, तिथे सोय होते. बाकी पुळणींवर भरवसा ठेवू नका.

शाकाहारी जेवण मिळेल का?

बोटीवर जेवण धरलेलं असेल तर बहुतेक मासे किंवा हॅम असतं. आदल्या दिवशी सांगितलंत तर टोमॅटो-चीजचं काहीतरी करतात. गावात कुलुर्जोनेस मागा: बटाटा, पेकोरिनो चीज आणि पुदिना भरलेले, मोदकाच्या मुरडीसारखी वीण घातलेले पास्त्याचे कानवले. ओल्यास्त्रा भागाची ही खासियत. पाने काराझाऊ ही पापडासारखी कडक रोटी दिवसभर टिकते आणि बोटीवर नेण्यासाठी आदर्श.

कडक शाकाहारी असाल तर दोन गोष्टी विचारून घ्या. पेकोरिनो बहुधा प्राणिज रेनेटने, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने, विरजतात. आणि चीज भरून तळलेल्या, वर मध सोडलेल्या सेआदासच्या कणकेत परंपरेने डुकराची चरबी असते. कुलुर्जोनेसच्या कणकेतही काही घरांत ती घालतात. घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवडा न्या, पण तूप-पनीर नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात मनाई आहे.

जेलीफिश असतात का?

काही दिवस, विशेषतः पूर्वेचा वारा वाहून गेल्यावर. जांभळट रंगाची, लांब दोरे असलेली छोटी जात डसते. डसल्यास समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही, आणि चोळू नका. उरलेले दोरे कार्डाच्या कडेने हलकेच खरवडा. श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर ताबडतोब ११२.

आठवण म्हणून चार खडे आणले तर?

आणू नका. २०१७ पासून सार्डिनियात वाळू, खडे, शिंपले नेण्यावर ५०० ते ३००० युरो दंड आहे, आणि विमानतळावर स्कॅनरमध्ये बाटलीतली वाळू लगेच दिसते. टॉवेल नीट झटका, बुटात अडकलेले खडेही काढा.

गुहा पाहाव्यात का?

ग्रोत्ता देल बुए मारीनो जरूर. ‘समुद्री बैल’ म्हणजे भूमध्य समुद्रातला मंक सील, जो पूर्वी इथे पिलं घालत असे. बोट गुहेच्या तोंडाशी लावतात आणि वाटाड्यासोबत तासाभरात सुमारे ९०० मीटर आत नेऊन आणतात. तोंडाशी नवाश्मयुगीन कोरीव चित्रं आहेत. आत गारवा असतो, अंगावर काही तरी घ्या. तिकीट बहुतेकदा बोटीच्या तिकिटाहून वेगळं. लाट असेल तर गुहा सर्वांत आधी बंद होते.

बेटांवर जायचं असेल तर?

या आखातात बेटं नाहीत. त्यासाठी उत्तरेला जा. पालाऊहून ला मादालेना द्वीपसमूहाच्या बोटी सुटतात. १९९४ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. स्पार्जी, बुदेल्ली आणि सांता मारिया (याच नावाचं बेट, वरचं बंदर नव्हे) ही नेहमीची फेरी. बुदेल्लीची गुलाबी पुळण मात्र फक्त लांबून दिसते. तिथे उतरणं आणि पोहणं दोन्ही बंद. गुलाबी रंग येतो तो एका सूक्ष्म समुद्री जिवाच्या कवचांच्या चुऱ्यातून, आणि लोकांनी तो बाटल्या भरभरून नेला म्हणून ही वेळ आली. ध्यानात ठेवा, तिथे माएस्त्राले कॉर्सिका आणि सार्डिनियामधल्या सामुद्रधुनीतून फनेलसारखा शिरतो. म्हणजे ओरोसेईचा हिशोब तिथे उलटा होतो. वायव्येचा वारा असेल तर ओरोसेई, पूर्वेचा असेल तर मादालेना, असं ठरवणारे चतुर.

ओल्बियाजवळ ताव्होलारा आहे, समुद्रातून सरळ ५६५ मीटर वर उठलेला चुनखडीचा कणा. पोर्तो सान पाओलोहून अर्ध्या तासात पोचता येतं.

सफर रद्द झाली तर पैसे मिळतात का?

कप्तानाने रद्द केली तर पैसे परत किंवा दुसरा दिवस. तुम्हीच आला नाहीत तर काही नाही. वादाची जागा मधली आहे: बोट निघाली, पण लाटेमुळे दोन पुळणींवर उतरता आलं नाही. अशा वेळी बहुधा परतावा मिळत नाही. अटींमध्ये हे लिहिलेलं असतं, आधी वाचा.

भारतातून जाताना आणखी काय लागतं?

शेंगेन व्हिसा आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. विमानतळ ओल्बिया किंवा काल्यारी. काला गोनोनेला ओल्बिया जवळ, पावणेदोन तास. भाड्याची गाडी घेणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही न्या. दोरगाली ते बाउनेई हा रस्ता १००० मीटरच्या खिंडीतून जातो, सगळी वळणंच. ज्यांना गाडी लागते त्यांनी बोटीची गोळी आदल्या दिवशीच सुरू केलेली बरी.

शेवटची बोट चुकली तर?

परतीची वेळ उतरतानाच तिकिटावर पेनाने लिहून घ्या, कारण एकाच कंपनीच्या दोन बोटी वेगवेगळ्या वेळी येतात आणि रंग सारखेच असतात. काला लूनाहून चुकली तर काला फुइलीपर्यंत सुमारे चार किलोमीटरची पायवाट आहे. खडकाळ आहे, दीड-दोन तास लागतात, उजेड असेपर्यंतच निघा आणि चपला घालून नको. मारिओलू, बिरिओला, गाब्बियानीहून चढायचा प्रयत्न करूच नका. तिथल्या वाटा अनुभवी गिर्यारोहकांच्या आहेत. पुळणीवरच थांबा आणि किनाऱ्यालगत दिसणाऱ्या कोणत्याही बोटीला हात करा. कड्यांखाली बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. मिळालीच तर तटरक्षक दलाचा नंबर १५३०, आणि पुळणीचं नाव ‘मारिओलू’ असं स्पष्ट, सावकाश, दोनदा सांगा.